गॉटमास्तरांची अकरा वाक्यं

मुरबाडच्या इंग्रजी शाळेत मी गणित शिकवायला गेलो तेव्हा माझं वय तेवीस होतं आणि रुबाब पन्नाशीचा होता. कल्याणहून आलेल्या सर्व्हिस मोटारीतून ट्रंक घेऊन उतरलो आणि समोरच्या दुकानदाराला शाळा कुठे म्हणून विचारलं. तो हातातली तागडी खाली न ठेवता म्हणाला, "गॉटमास्तरची शाला ना? ही अशी सरल जा. पिंपलाच्या मागं." गॉट हे आडनाव मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पण नव्या गावात पहिल्या दिवशी अज्ञान दाखवू नये, म्हणून मान हलवली आणि चालू लागलो.

शाळेत पोचल्यावर कळलं की हे आडनाव नव्हेच. मास्तरांचं आडनाव पोतदार. ते इंग्रजी शिकवत. ‘गॉट’ हा इंग्रजीतला एक शब्द त्यांच्या मागे लागला आहे की तेच त्याच्या मागे लागले आहेत, याबद्दल गावात दोन मतं होती. शब्द केवढा, तर तीन अक्षरांचा. आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात तो ‘मिळाले’ असा एका ओळीत उरकलेला होता. मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे मात्र साहेब सकाळी उठला तरी गॉट, पावसात भिजला तरी गॉट, आजारी पडला तरी गॉट आणि दुखण्यातून उठला तरी गॉट. त्याचं लग्न झालं, तो वाट चुकला, त्याला एखादी गोष्ट समजली, कुणाचा पिच्छा सुटला, पगार संपूनही महिना कसाबसा निभावला, सगळीकडे हाच शब्द हजर.

"आपल्याकडे कातकऱ्याच्या कंबरेला कोयता असतो ना, तसा हा साहेबाचा कोयता आहे," ते म्हणत. "त्याच्यानंच लाकूड तोडायचं, त्याच्यानंच बांबू सोलायचा, त्याच्यानंच पायातला काटा काढायचा. आणि आपण पोरांना काय देतो? तलवारी. ऑब्टेन, प्रोक्युअर, रिसीव्ह. भिंतीवर लावायला बऱ्या."

मास्तर उंच, हडकुळे, किंचित पुढे वाकलेले. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि कोटाचे दोन्ही खिसे कायम फुगलेले. त्या खिशांत चिठ्ठ्या असत. आगपेटीएवढ्या कागदाच्या तुकड्यावर एक इंग्रजी वाक्य, त्यात गॉट आलेला, खाली मराठी अर्थ आणि मागच्या बाजूला ते वाक्य कुठे सापडलं त्याची नोंद. संध्याकाळी घरी गेले की खिसे रिकामे करून चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. गावातले दुकानदार इंग्रजी रद्दी त्यांच्यासाठी बाजूला ठेवत. आसनगाव स्टेशनावरच्या पाट्या, जंगलखात्याची परिपत्रकं, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं, मुंबईहून बांधून आलेल्या सामानाभोवतीची जुनी वर्तमानपत्रं, काही म्हणजे काही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. एकदा आमच्या हेडमास्तरांनी नवा छत्रीचा कपडा आणला. मास्तरांनी आधी त्याच्याभोवतीचा कागद मागून घेतला आणि मग कपडा कसा आहे ते सांगितलं.

मला हा सगळा प्रकार पहिले सहा महिने शुद्ध खूळ वाटे. मी तसं एकदा बोलूनही दाखवलं. मास्तर रागावले नाहीत. ते कशालाच चटकन रागावत नसत. बशीत चहा ओतत म्हणाले, "गणितराव, मी मॅट्रिक झालो त्या वर्षी वडील फार आजारी पडले. सोनारकाम करायचे, धुरानं छाती गेलेली. ठाण्याला नेलं. तिथे गोरा सिव्हिल सर्जन खाटेशी आला, वडिलांकडे पाहिलं आणि नर्सला एक वाक्य बोलून निघून गेला. वाक्यात गॉट दोनदा आला, एवढंच मला ऐकू आलं. बाकी काही कळलं नाही. गावात पहिला मॅट्रिक झालेला मी, आई मला विचारते आहे की डॉक्टर काय म्हणाला, आणि मी खांबासारखा उभा." वडील त्या दुखण्यातून उठले. पण गोऱ्या माणसाच्या तोंडून मास्तरांनी आयुष्यात ऐकलेलं ते एकच वाक्य होतं, आणि तेही त्यांना समजलं नव्हतं. त्यानंतर मी खूळ हा शब्द वापरला नाही.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा निराळी होती. जी गोष्ट जिथे घडते तिथेच तिचा शब्द शिकायचा, असा त्यांचा हट्ट. म्हणून त्यांनी गॉटचे सगळे उपयोग मुरबाडच्या बाजारात वाटून टाकले होते. पिच्छा सुटल्याचा गॉट न्हाव्याच्या दुकानापुढे. रुतून बसल्याचा गॉट नदीच्या उतारावर, जिथे बैलगाड्यांची चाकं हमखास चिखलात बसत. कसंबसं भागवल्याचा गॉट एका म्हाताऱ्या कुंभारणीच्या मडक्यांपाशी. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी ते वर्ग घेऊन बाहेर पडत आणि मुलं एकेका ठिकाणी उभी राहून समोर दिसेल ते इंग्रजीत सांगत. न्हाव्याला तर त्याचं वाक्य पाठ झालं होतं. गिऱ्हाइकाची दाढी संपली की तो वस्तरा पुसत म्हणे, "ही गॉट रिड ऑफ हिज बीअर्ड." कुंभारीण एवढंच विचारी, "मास्तर, माज्या नावानं काय वाईट तं नाय ना शिकवत?" मास्तर तिला वाक्याचा अर्थ सांगत आणि ती म्हणे, "हा, ते बाकी खरं हाय."

इन्स्पेक्टरांना हा शब्द मुळीच आवडत नसे. सभ्य इंग्रजीत तो शक्यतो टाळावा असं त्यांचं मत होतं, आणि तपासणीला आले तेव्हा त्यांनी ते सर्व वर्गासमोर सांगितलं. मास्तर हात जोडून म्हणाले, "बरोबर आहे साहेब. फक्त एक शंका. सकाळी अंथरुणातून उठलो, हे कसं म्हणावं?" इन्स्पेक्टर म्हणाले, "आय राइज." त्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. शेरा वाईट आला. हेडमास्तर आठ दिवस आमच्याशी धड बोलले नाहीत. मास्तरांनी मात्र ‘आय राइज’ची चिठ्ठी करून डब्यात वेगळी ठेवली, कारण साहेब म्हणाले ते चूक आहे असं सिद्ध झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

एका उपयोगाला गावात जागा सापडेना. तो म्हणजे पत्र मिळाल्याचा. वर्गातल्या अर्ध्या मुलांना जन्मात कुणाचं पत्र आलं नव्हतं. पांडू नावाचा एक मुलगा डोंगराकडच्या पाड्यावरून येई, त्याच्यासाठी मास्तरांनी स्वतःच एक कार्ड लिहून टपालात टाकलं. कार्डावर मजकूर फक्त ‘तू बरा आहेस का’ एवढाच. तिसऱ्या दिवशी पांडूची आई, मामा आणि पाड्यावरची चार माणसं ते कार्ड घेऊन शाळेत हजर. कार्ड येणं म्हणजे कोर्टाचं तरी बोलावणं, नाहीतर कुणीतरी गेल्याची बातमी. "मास्तर, काय संकट हाय ते सांगा एकदा," आई म्हणाली आणि खालीच बसली. मास्तरांची तारांबळ उडाली. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, वीस वेळा क्षमा मागितली. पांडू मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात ताठ उभा राहून म्हणाला, "आय गॉट अ लेटर." इतका खुशीत असलेला मुलगा मी त्या शाळेत दुसरा पाहिला नाही.

मग लढाई सुरू झाली. पेट्रोल मिळेना, कल्याणच्या मोटारी कोळशाच्या शेगड्या पाठीला बांधून कुंथत कुंथत येऊ लागल्या. त्यातल्याच एका दिवाळीच्या सुट्टीत मी मास्तरांबरोबर शहापूरला गेलो. तिथे त्यांची थोरली बहीण राहायची, आणि मला तानसाचं धरण पाहायचं होतं. धरण राहिलं बाजूला. आम्ही गेलो त्याच दिवशी आग्रा रोडनं मिलिटरीच्या लॉऱ्यांची रांग गेली आणि त्यातली एक शहापूरच्या वेशीवर आस मोडून बसली. बाकीच्या पुढे गेल्या. राखणीला एक गोरा सोल्जर आणि एक पंजाबी ड्रायव्हर मागे राहिले. मुंबईहून नवा आस येईपर्यंत त्यांचा मुक्काम वडाच्या झाडाखाली होता.

मला वाटलं, मास्तर धावत सुटतील. ते गेले नाहीत. पहिला दिवस त्यांनी अंगणात येरझारा घालण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी वडापर्यंत गेले, लांबून पाहिलं आणि परत आले. बहीण म्हणाली, "अरे दादू, वाघ आहे का तो?" मास्तर आत निघून गेले. संध्याकाळी ओटीवर बसल्यावर मला हळूच म्हणाले, "आणि नसेल तर?"

"काय नसेल तर?"

"मी जे शिकवतो ते. सगळं कागदावरून उचललेलं आहे, गणितराव. बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. इतकी वर्षं पोरांच्या पदरात घातलं, ते कुणी बोलतच नसेल तर?"

आजवर इतक्या शांतपणे चहा पिणाऱ्या या माणसाच्या पोटात एवढी भीती आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मला त्यांची फार दया आली आणि त्यांच्याविषयी आदरही वाटला. मी म्हटलं, "उद्या सकाळी दोघे जाऊ."

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मास्तरांच्या एका हातात मुरबाडहून बरोबर आणलेला चिठ्ठ्यांचा डबा, दुसऱ्या हातात बहिणीनं दिलेल्या चकल्या. सोल्जर वीस-एकवीस वर्षांचा पोर होता, उन्हानं नाक सोललेलं, कंटाळून लॉरीच्या पायरीवर बसलेला. मास्तरांनी टोपी नीट केली आणि एक वाक्य बोलले. तो काहीतरी बोलला. मास्तरांना ते कळलं नाही. मलाही नाही. मास्तरांचा चेहरा पडलेला पाहून मीच चकल्या पुढे केल्या. चकली खाता खाता तो जरा सैल झाला. मग मास्तरांनी डबा उघडून पहिली चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्यानं ती वाचली, मास्तरांकडे पाहिलं आणि मान डोलावून म्हणाला, "राइट." दुसरी दिली. "राइट." तिसरी दिली तेव्हा त्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि मास्तर ओठ हलवत त्याच्यामागून म्हणू लागले.

सकाळपासून दुपार टळेपर्यंत ते चाललं. दोनशेच्या वर चिठ्ठ्या होत्या. पोराला त्याची गोडीच लागली. चुलीवर चहा उकळणाऱ्या पंजाब्याला तो मध्येच हाक मारी आणि एखादी चिठ्ठी वाचून दाखवी. एकदा मास्तरांना सावकाश, सुटं सुटं करून म्हणाला, की मला एवढं इंग्रजी येतं हे माझ्या आईनं मला कधी सांगितलं नव्हतं. हे वाक्य मास्तरांना पहिल्या फटक्यात समजलं. ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. पण काही चिठ्ठ्या तो पोरगा वाचून मडगार्डवर बाजूला ठेवत होता. डबा रिकामा झाला तेव्हा तिथे अकरा चिठ्ठ्या होत्या. त्यानं त्या उचलून परत दिल्या आणि अवघडून म्हणाला, "नोबडी सेज दॅट, सर." अशी वाक्यं कुणी बोलत नाही. मग ती कशी बोलतात ते त्यानं प्रत्येक चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून दिलं.

परत येताना मास्तर वाटेतच रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसले आणि त्यांनी अकराही चिठ्ठ्या उलटून पाहिल्या. अकरांच्या मागे एकच नोंद होती. एका औषधवाल्याचं जाहिरातीचं इंग्रजी पंचांग. त्यात गोळ्यांनी बरे झालेल्या लोकांच्या हकिकती होत्या. कुणाच्या पोटाला गॉट आराम, कुणाला गॉट भूक, कुणी दवाखान्यातून घरी गॉट पोचला. मास्तर म्हणाले, "हे गिरगावातल्या एखाद्या आपल्याच कारकुनानं लिहिलेलं. इंग्रजीत छापलेलं म्हणजे विलायतेहून आलेलं, असं मी धरून चाललो."

मी गणितवाला. म्हटलं, "मास्तर, दोनशेत अकरा म्हणजे शेकडा पाच. एवढं कुठल्याही पुस्तकात असतं."

"मी सोनाराच्या घरचा आहे," ते म्हणाले. "दागिन्यात गुंजभर तांबं जास्त गेलं आणि ते कळलं, तर वडील गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन दागिना परत आणायचे. मलाही परत घ्यायला हवीत."

मला वाटलं, बोलण्यापुरतं बोलतायत. पण सुट्टी संपल्यावर त्यांनी हेडमास्तरांच्या कपाटातून हजेरीचे जुने कॅटलॉग काढले, आणि ती अकरा वाक्यं ज्या ज्या मुलांना शिकवली होती त्यांची नावं उतरून काढली. साठ-सत्तर नावं झाली. मुंबईत आणि परगावी गेलेल्यांना पत्रं गेली. तालुक्यात आणि आसपास जे होते त्यांच्याकडे मास्तर स्वतः जाणार होते. मी म्हटलं, कार्ड टाका की. ते म्हणाले, "कार्डानं चूक कळवता येते. क्षमा समोर उभं राहूनच मागायची."

मग दर रविवारी मास्तरांच्या वहाणा सुरू झाल्या. सरळगाव, शिवळे, म्हसा, टोकावडे. चार-पाच वेळा मीही बरोबर गेलो, अर्धा कौतुकानं आणि अर्धा गंमत पाहायला. गंमत पुष्कळ होती. तो कार्डवाला पांडू आता तानसाला तलावावर राखणदार झाला होता. खाकी चड्डी, हातात काठी. मास्तरांना पाहून त्यानं पाय धरले, पण इंग्रजीचं नाव काढताच म्हणाला, "मास्तर, माजं सगलं इंग्रजी या पान्यात गेलं. एक शब्द नाय रायला." आता चुकीचं वाक्य विसरलेल्या माणसाकडून ते परत कसं घ्यायचं? मास्तरांनी थोडा विचार केला, त्याला आधी अकराही चुकीची वाक्यं पुन्हा शिकवली आणि मग ती खोडून बरोबर वाक्यं सांगितली. या सगळ्यात दुपार गेली. पांडूनं आम्हाला तलावाचे मासे खाऊ घातले.

दुसरा एक विद्यार्थी कल्याणला एका पारशी शेटजींच्या लाकडाच्या वखारीत कारकून होता. तो म्हणाला, "मास्तर, ह्या अकरांतली चार वाक्यं तं मी रोज बोलतो. शेटना आवडतात. आता शेट पन तसंच बोलतात." मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी शेटजींची गाठ मागितली. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं नसतं, तर ते त्या पारशी गृहस्थाचीही क्षमा मागून आले असते.

गावात लोक थोडे हसले. हेडमास्तर म्हणाले, यानं शाळेची अब्रू जाते, मास्तरांना चुकीचं येत होतं असं गावोगाव कळतं. मास्तर म्हणाले, "कळू द्या." एवढं तुटक बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. दीड वर्षात यादीतली नावं एकेक करून खोडली गेली. शेवटी एकच उरलं, राघोचं.

राघो धसईच्या पुढे, थेट डोंगराला टेकलेल्या एका गावचा. कुणब्याचा मुलगा, घरात पहिलाच शिकलेला. वर्गात हुशार, पण फार बोलायचा नाही. लढाई लागल्यावर फौजेत कारकून म्हणून भरती झाला तो इंग्रजीच्या जोरावर, आणि ते इंग्रजी पोतदार मास्तरांचं. पलटण पूर्वेकडे कुठेतरी गेली. काही महिने पत्रं आली, मग थांबली. मास्तरांनी पाठवलेली दोन पत्रं शिक्के खाऊन परत आली होती.

"घरी जाऊन तर येऊ," मास्तर म्हणाले. आम्ही गेलो तेव्हा राघोचे वडील, कान्हूबाबा, खळ्याच्या कडेला बसून अंबाडीचा दोर वळत होते. वाळकी काया, डोक्याला पंचा. त्यांनी घोंगडी पसरली, तांब्या पुढे ठेवला. मास्तरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, की मी तुमच्या मुलाला अकरा वाक्यं चुकीची शिकवली, ती परत घ्यायला आलो आहे.

कान्हूबाबांनी हातातला पीळ सोडला नाही. "म्हंजे राघोनं चूक केली?"

"राघोनं नाही. मी केली."

"आन तो तिकडं ती चुकीची बोलत असंल?"

"असेल."

म्हाताऱ्यानं थोडा वेळ विचार केला. "मंग असं करा. मला शिकवा. तो आला म्हंजे मी सांगन त्याला. तुमी शालेत असाल, नसाल. मी हतंच हाय."

"बाबा, इंग्रजी आहे ते."

"आसू दे की. राघोला आलं ना? तो माजाच पोर हाय."

मास्तर खाली बसले. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या नोकरीत एवढा कठीण विद्यार्थी त्यांना मिळाला नसेल. कान्हूबाबांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या जिभेला एकेक शब्द अडखळे. त्यांनी वळलेल्या दोराचा एक हातभर तुकडा कापून घेतला आणि प्रत्येक वाक्याला एक गाठ मारली. गाठीवर बोट ठेवायचं आणि वाक्य म्हणायचं. पहिल्या दिवशी दोन गाठी झाल्या. मास्तर पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. मग पुन्हा. प्रत्येक वाक्याचा अर्थ बाबा नीट विचारून घेत आणि कधीकधी त्यावर मतही देत. भूक लागल्याच्या वाक्याला म्हणाले, "हे तं राघोला लई लागंल." नववं वाक्य ते पंचांगातलं घरी पोचल्याचं होतं. त्याचं बरोबर रूप त्या सोल्जरनं तीनच शब्दांत लिहून दिलं होतं: ही गॉट होम. मास्तरांनी अर्थ सांगितला, तो घरी पोचला. बाबांनी ते मास्तरांकडून पाच-सहा वेळा म्हणवून घेतलं आणि त्या गाठीला दुसरा वेढा मारून ती घट्ट केली.

लढाई संपली. आजूबाजूच्या गावांतली पोरं एकेक करून परत येऊ लागली, खांद्याला किटबॅग, अंगात खाकी कोट. राघो आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात राघोच्या गावचे पाटील एक सरकारी कागद घेऊन शाळेत आले, कारण गावात तो कुणाला वाचता येईना. मास्तरांनी वाचला, घडी घातली आणि वर्ग माझ्यावर सोपवून तसेच धसईच्या वाटेला लागले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, बाबा काय म्हणाले? मास्तर म्हणाले, "मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरं. मग आम्ही दोघांनी मिळून गोठ्याचा एक वासा बदलला." नंतर म्हणाले, "माझं इंग्रजी शिकला नसता तर आज नांगर धरून असता, गणितराव." हे त्यांच्यावर येत नाही, असं मी म्हणालो. ते हो म्हणाले, पण त्यांनी ते मानलं नाही एवढं मला दिसलं.

कागद आल्यावर ते जाणं बंद करतील असं आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं. आता निरोप द्यायचा कुणाला? पण पंधरा दिवसांनी रविवार आला आणि मास्तर निघाले. त्याच्या पुढच्या खेपेलाही निघाले. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

त्यानंतरच्या वर्षी माझी शहापूरला बदली झाली. निघायच्या आदल्या रविवारी मी मास्तरांना म्हटलं, मीही येतो. भात झोडून झालं होतं, खळ्यात पेंढ्याची उडवी रचून ठेवलेली. कान्हूबाबांनी आम्हाला पाणी दिलं, खोपटाच्या वळचणीतून तो गाठींचा दोर काढला आणि मास्तरांसमोर बसले. मी जरा लांब बांधावर उभा राहिलो. मास्तर एकेक वाक्य म्हणत, बाबा गाठीवर अंगठा ठेवून ते त्यांच्यामागून म्हणत. आता त्यांना ती येत होती. उच्चार डोंगराकडचा होता, पण शब्द सगळे जागच्या जागी. सहावं झालं, सातवं झालं, आठवं झालं. मास्तर किंचित थांबले आणि त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं ते दहावं.

बाबा त्यांच्यामागून बोलले नाहीत. त्यांचा अंगठा गाठीवर तसाच होता.

"मास्तर," ते म्हणाले, "नववा रायला."

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलताना मला दिसले, आणि मी तोंड फिरवून डोंगराकडे पाहू लागलो. बाबा घाई करत नव्हते. मग मास्तरांचा आवाज आला, ही गॉट होम. आणि त्याच्यामागून म्हाताऱ्याचा आला, एकेक शब्द सुटा, वर्गात उभ्या राहिलेल्या मुलासारखा स्पष्ट. परतीच्या मोटारीची वेळ होत आली होती. पण त्यांचं दहावं आणि अकरावं म्हणून होईपर्यंत मी तिथून हललो नाही.